पाय पुरलेली कमान

रत्नागिरी–पावस–पूर्णगड या मार्गाचे सगळे थांबे मला झोपेतून उठवून विचारलेत तरी सांगेन. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. घंटीची दोरी ओढून ओढून उजव्या खांद्याचं वाटोळं झालं ते वेगळंच. पण आणखी एका मार्गाचे थांबे मला तितकेच पाठ आहेत आणि त्या वाटेला मी जन्मात गेलेलो नाही, जाणारही नाही. तो मार्ग जपानातला. साकुराजिमा नावाचा एक जागता ज्वालामुखी आहे, त्याच्याभोवतीचा. ते थांबे मला विठू नागवेकराने ऐकवून ऐकवून पाठ करायला लावले आणि मी त्याला तोंडावर येडा म्हणत ऐकत राहिलो.

विठू माझा शेजारी. पावसच्या अलीकडे समुद्राला लागून आमची वाडी, त्याच्या-माझ्या परसांच्या मध्ये चिऱ्यांचा एक गडगा, नुसती रचून उभी केलेली दगडी भिंत. वाडीतली निम्मी पोरं जहाजावर जातात, तसा तोही अठराव्या वर्षी गेला. तेलाच्या अगडबंब जहाजांवर खलाशी होता. बुटका, छातीने रुंद, आणि बोलायला लागला की थांबणं नाही. सुट्टीवर आला की गडग्यावर बसून जगातली बंदरं सांगायचा आणि प्रत्येक बंदराचा शेवट ‘पण तिथला मासा बेचव’ असा करायचा. जपानातल्या त्या एका ठिकाणाला मात्र त्याने कधी नावं ठेवली नाहीत.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. विठूच्या बायकोची, दमयंतीवहिनींची, दोन बाळंतपणं फुकट गेली होती. पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं, दुसरं जन्मून चार दिवस राहिलं. तिसऱ्या वेळी सहावा महिना लागला आणि विठू जहाजावर होता. आखातातून कच्चं तेल भरायचं आणि जपानच्या दक्षिणेला कागोशिमाजवळ रिकामं करायचं, अशी त्यांची फेरी. जहाज लागलं की तो फोन करायचा. वाडीत तेव्हा फोन एकट्या माझ्या घरी. त्या दिवशी फोन आला तेव्हा वहिनींना रत्नागिरीला इस्पितळात नेऊन आठ तास झाले होते, रक्त थांबत नव्हतं, आणि मी नुकताच तिथून परतलो होतो. हातात रिसीव्हर घेऊन माणसाने जरा विचार करावा की नाही? पण माझ्या जिभेला हाड नाही. जे होतं ते सगळं, डॉक्टरच्या चेहऱ्यासकट, मी सांगून टाकलं. तेवढ्यात पलीकडची नाणी संपली.

त्याला तेव्हा दिवसभराची मोकळीक मिळाली होती. फोनच्या खोक्यातून बाहेर पडल्यावर कुठे जावं हे त्याला सुचेना. समोर समुद्रात एक डोंगर धूर सोडत उभा होता आणि धक्क्यावरून त्याच्याकडे बोट जात होती. माणसं चढत होती म्हणून तोही चढला.

इथून त्याचे थांबे सुरू होतात. पहिला थांबा बोट. पंधरा मिनिटांची वाट, तेवढ्यात लोक उभ्या उभ्या गरम शेवयांचे वाडगे ओरपतात. दुसरा थांबा, उतरल्यावर थोडं चाललं की डोंगराच्या पोटातून आलेल्या कढत पाण्याचा लांबच लांब पाट. लोक कडेला बसून पाय सोडतात, पैसे घेत नाहीत. तिसरा थांबा लाव्हाचा कातळ, मैलभर पसरलेला काळा दगड आणि त्याच्या फटीफटीतून उठलेली झाडं. “आपल्या कातळाच्या सड्यासारखा, फक्त करपलेला,” असं विठू म्हणायचा. चौथा थांबा डोंगराच्या अंगावरचा सज्जा, तिथून पुढे माणसाला जाऊ देत नाहीत. पाचवा थांबा स्मशान. तिथे थडग्यांवर छपरं घातलेली असतात, राख पडून मेलेल्यांची नावं बुजू नयेत म्हणून. आणि सहावा, शेवटचा थांबा डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, कमान.

“देवळाची कमान रे,” तो सांगायचा. “दगडी. आपल्या दोन पुरुष उंच व्हती म्हणत. शंभर वर्षांमागं डोंगर फुटला, एका दिवसात राख येवन तिला गिळलान. आता निस्ता माथा वर हाय, माझ्या कमरेएवढा. गाववाले उकरायला निघाले, तर त्यांच्या गावकारान, गावाच्या म्होरक्यान, सांगितलान, ऱ्हावदे तसाच. पोरांना कळूदे काय झाला व्हता ता.”

त्या कमानीसमोर विठू उभा राहिला. वरून बारीक राख पडत होती, डोळ्यांत जात होती. देव कुठला, नाव काय, पाटीवर काय लिहिलंय, काही म्हणजे काही कळत नव्हतं. आमच्याकडे देवाशी बोलायची एक रीत आहे. गुरव गाऱ्हाणं घालतो, ‘बा देवा महाराजा’ म्हणून एकेक मागणं मांडतो आणि मागे उभे असलेले सगळे ‘होय महाराजा’ म्हणतात. तिथे ना गुरव, ना गाव. विठूने चपला काढल्या आणि एकट्यानेच गाऱ्हाणं घातलं. “बा देवा महाराजा, माझा पोर जगूदे. जगला तर तुझ्या पायाशी आणून घालीन.” ‘होय महाराजा’ही स्वतःच म्हणाला.

त्याच संध्याकाळी वहिनींचं रक्त थांबलं. तीन महिन्यांनी मुलगी झाली, चांगली सव्वासहा पौंडांची. नाव ठेवलं मनस्वी.

ही गोष्ट त्याने मला पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी खो खो हसलो होतो. म्हटलं, “मेल्या, पायाशी घालीन म्हणालास, पण त्या देवाचे पाय तर मातीत. घालणार कुठे?” तोही हसला. तेव्हा हसण्यासारखं होतं, पोर गडग्यावर बसून पाय हलवत होती.

नवसाचा कायदा आमच्याकडे साधा आहे. ज्या देवाला बोललात त्याच्या दारात जाऊन फेडायचा. पोस्टाने नवस फिटत नाही. विठू म्हणायचा, पुढच्या वर्षी नेतो. पण पुढच्या वर्षी जहाजाचा मार्ग बदलला. मग तो टाकीच्या शिडीवरून पडला, मांडी दोन ठिकाणी मोडली, आणि कंपनीने त्याला कायमचं घरी पाठवलं. त्यानंतर आंब्याच्या बागा राखायच्या, मोसमात पेट्या भरायच्या, हेच. पासपोर्ट मात्र त्याने बापलेकीचा दोनदा काढला आणि दोनदा मुदत संपवली. मी विचारलं तर म्हणायचा, “देव काय पळून जाता काय? पुरलेला हाय तो.”

मनस्वी त्या थांब्यांवरच वाढली. जेवायला बसवायचं तर विठू म्हणायचा, बोट सुटली, आणि ही वाडगा पुढे करायची. शाळेत ‘माझी आवडती सहल’ या निबंधात तिने साकुराजिमा लिहिला. बाईंनी खाली लाल शाईत शेरा दिला, ‘खोटे लिहू नये.’ विठू शाळेत भांडायला गेला तेव्हा आवरायला मला जावं लागलं. पोर दिसायला आईसारखी, बोलायला कमी. बी. कॉम. झाली आणि रत्नागिरीत एका टायपिंगच्या दुकानात लागली. सकाळची सव्वाआठची गाडी. मी तेव्हा सेवेत होतो. ती खिडकीशी बसायची आणि उतरताना म्हणायची, “काका, कितवा थांबा?” मी म्हणायचो, “तुझा दुसरा. पाय शेकून घे.”

बाविसाव्या वर्षी तिच्या पायात चपला जाईनाशा झाल्या. सुरुवात इतकी साधी होती. सगळ्यांना वाटलं उभं राहून सुजले असतील. वहिनींनी मिठाच्या पाण्याचा शेक दिला. महिनाभराने चेहरा सुजला तेव्हा डॉक्टरकडे नेलं, तर दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. कशाने, ते कुणालाही सांगता आलं नाही. वहिनी आपलं द्यायला तयार होत्या, ते जुळलं नाही. विठूला साखर, त्याचं चालणार नाही. मुंबईच्या यादीत नाव लागलं आणि तिथेच राहिलं. तोवर सोमवार-गुरुवार रत्नागिरीला डायलिसिस. मी निवृत्तीनंतर रिक्षा घेतली होती, ती त्यांच्याच दिमतीला लागली.

विठूने पहिल्याच गुरुवारी निकाल दिला. “नवस ऱ्हायला, कंडक्टर. त्याचा हा.”

मी रिक्षा रस्त्याच्या कडेला घेतली आणि त्याला वाट्टेल ते बोललो. म्हटलं, जपानातला देव बावीस वर्षांनी रत्नागिरीच्या पोरीचं मूत्रपिंड खायला बसलाय काय? लाज वाटत नाही? मागे मनस्वी डोळे मिटून पडली होती. ती म्हणाली, “काका, राहू दे. बाबांना दोष कुणावर तरी घालू दे. नाहीतर ते स्वतःवर घेतील.” पण त्याने घेतलं होतंच. नवस बोलणारा तो, न फेडणारा तो.

मग देवळात कौल लावायचं ठरलं. आमची ग्रामदेवता नवलाई. रामा गुरव सत्तरीचा, सरळ माणूस, कुणाला खोटी आशा लावायचा नाही. पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घालायला उभा राहून त्याने विचारलं, “देवाचा नाव काय?”

विठूने जोडलेले हात खाली घेतले.

“अरे, कुणाच्या नावान गाऱ्हाणा घालू? गावाची सीम कुठली, देव कुठला, सांगायला नको? तू नाव न विचारता बोललास?”

“पाटी व्हती,” विठू म्हणाला. “माका वाचता येत नव्हती.”

मनस्वी खांबाला टेकून बसली होती. तिने मोबाइल काढला, जरा वेळाने म्हणाली, “हारागोशा. तिथल्या देवळाला हारागोशा म्हणतात, बाबा.” बावीस-तेवीस वर्षांनी विठूला आपल्या देवळाचं नाव कळलं. त्याने ते तीनदा उच्चारलं, तीनदाही चुकलं. गुरवाने आपल्या परीने म्हटलं, बा देवी नवलाई, तुझ्या लेकराने परमुलखात हारागोशाच्या दारात शब्द टाकला, तो तुझ्या पायाशी फेडून घे, महाराजा. आम्ही सगळे होय महाराजा म्हणालो. मीसुद्धा म्हणालो, आणि खोटं कशाला सांगू, मनापासून म्हणालो.

डावी पाकळी पडली. पुन्हा लावली, पुन्हा डावी. तिसऱ्यांदा कितीतरी वेळ दोन्ही तशाच राहिल्या. विठू हात जोडून पाषाणाकडे असा बघत होता की मला तिथे उभं राहवेना. शेवटी डावी खाली आली.

रामा गुरवाने हात धुतले. “ती म्हणता, माझ्याकडे आणू नको. जिथं बोललास तिथं जा.” मग विठूकडे पाहून आवाज उतरवला. “माणूस जाऊ शकत नसल तर अंगावरचा वस्त्र धाडतत. पण ता चालतला असा मी सांगणार नाय. माका तसा बोलायचा अधिकार नाय.”

विठू दुसऱ्याच सोमवारी डॉक्टरांना विचारायला गेला की पोरीला विमानाने चार दिवस नेऊन आणली तर. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी आधी फाईल पाहिली, मग विठूकडे पाहिलं. म्हणाले, “मामा, जिना चढताना दोनदा बसते ती. हृदय थकलंय. तुम्ही पावसहून इथे आणता तीच मला काळजी वाटते.” विठूने मान हलवली, बाहेर आला आणि बाकड्यावर बसून तिसऱ्यांदा पासपोर्टचा फॉर्म भरायला लागला. मी फॉर्म हातातून काढून घेतला नाही. माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं.

एक दिवस चांगला गेला. एकच. मनस्वी म्हणाली, “काका, राजवाडीला नेता?” संगमेश्वराच्या अंगाला राजवाडीला गरम पाण्याची कुंडं आहेत, देवळाला लागून. मी हळूहळू नेलं, तीन ठिकाणी थांबवत. बायकांच्या कुंडाच्या कडेला वहिनींनी तिला बसवलं, घोट्यापर्यंत पाय सोडले. सुजलेल्या पायांना चटका जाणवतच नव्हता म्हणे. बाहेर आली तेव्हा चेहरा लाल झाला होता. विठूला म्हणाली, “दुसरा थांबा झाला, बाबा. पहिला लहानपणी जेवतानाच झाला, तिसरा तर आपल्या दारातच आहे, सडा. राहिले तीन.” विठू तिच्यापुढे खाली बसला आणि पंच्याने तिचे पाय पुसत राहिला, कोरडे झाले तरी पुसत राहिला.

त्या वर्षी वाडीतला नितेश तेलाच्या जहाजावर लागला. विठूने त्याला जाण्याआधी गाठलं, कागोशिमाची फेरी मिळाली तर एवढं कर म्हणून. तिथल्या बंदरात नारळ उतरवू देत नाहीत, हे विठूला ठाऊक. म्हणून मनस्वीची पिवळी ओढणी दिली, कॉलेजात असताना वापरलेली. सहाही थांबे कागदावर लिहून दिले, कमानीचं चित्र काढून दिलं. चित्र इतकं वाईट की ते छपराला टांगलेल्या काठीसारखं दिसत होतं. नितेश पोरगा साधा. म्हणाला, “काका, जीव गेला तरी करतंय.”

सात महिने काही नाही. या सात महिन्यांत मनस्वी अर्धी झाली. आता रिक्षात उचलून ठेवायला लागायची. विठू मात्र रोज नितेशच्या जहाजाची चौकशी करायचा, कुठे आहे, कुठे निघालं. वहिनी मला एकदा गडग्याआडून म्हणाल्या, “भावोजी, ह्यांना सांगा ना, पोरीकडे बघा म्हणून. हे जहाजाकडे बघतायत.” मी काय सांगणार? जहाजाकडे बघणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

मग एका बुधवारी दुपारी फोटो आला.

विठूच्या ओटीवर आम्ही सगळे होतो. मनस्वी खाटेवर उशांना टेकून. विठूने मोबाइल डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मग तिच्या हातात दिला. मी वाकून पाहिलं. दगडी कमान. मागे हिरवी झाडं, बाजूला पायऱ्या. आणि कमानीच्या एका खांबाच्या तळाशी, अगदी पायाशी, पिवळी ओढणी गाठ मारून बांधलेली.

“फिटला,” विठू म्हणाला. “मना, फिटला गो.”

मनस्वीने फोटो बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला. मग हसली. गेल्या वर्षभरात तसं हसलेली मी पाहिली नव्हती. म्हणाली, “हो बाबा. किती छान बांधलीये. पायाशी.” वहिनी आत जाऊन साखर घेऊन आल्या आणि सगळ्यांच्या हातावर ठेवली. मनस्वीच्या जिभेवर दोन दाणे ठेवले, तिला गोडाची बंदी नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. विठू इस्पितळात कागद करायला पुढे गेला आणि मी तिला रिक्षात सावलीला बसवून थांबलो होतो. ती म्हणाली, “काका, ही कमान ती नव्हे.”

“काय?”

“त्या कमानीचे खांब राखेत आहेत. माथाच वर आहे फक्त. मी शंभर फोटो पाहिलेत. हिला पूर्ण पाय आहेत.” दम लागला म्हणून थांबली. “नितेशला सापडली नसेल. बाबांना सांगू नका. ते किती वर्षांनी जेवले काल पोटभर. शपथ घ्या.”

मी नवलाईची शपथ घेतली. पुढे एकोणीस दिवसांनी, मंगळवारी सकाळी, चहा गाळून वहिनी तिला हाक मारायला गेल्या तेव्हा ती गेलेली होती. कुणाला हाकही मारली नव्हती.

दिवस झाले, माणसं आली, गेली. विठू रडला, पण मला वाटलं होतं तसा कोसळला नाही. बागेत जायला लागला. मी मनात म्हटलं, निदान त्याच्या डोक्यावरून ते ओझं तरी गेलं.

दोन महिन्यांनी नितेश सुट्टीवर आला. सरळ माझ्याकडे आला, दाराशीच उभा राहिला, आणि रडायला लागला. त्याला जहाजावरून साडेचार तास मिळाले होते. त्यातला निम्मा वेळ धक्क्यावर पोचण्यातच गेला. बोट मिळाली, डोंगराच्या त्या अंगाला जाणारी बस मात्र डोळ्यांदेखत सुटली. पुढची तिच्यामागून अडीच तासांनी. “मी काय करू काका? जहाज थांबत नाय कुणासाठी. बोटीजवळ एक देऊळ व्हता, तिथल्या कमानीला बांधली. लांबचा थांबा ऱ्हायलाच.” बस चुकलेल्या माणसाला मी जन्मभर खेकसत आलो. त्याला काही बोललो नाही. म्हटलं, झालं ते झालं, विठूला सांगू नको. पण पोराला झोप लागत नव्हती, सांगितल्याशिवाय लागणार नव्हती. शेवटी मीच त्याला घेऊन गेलो.

विठू परसात काजूच्या बिया सुकत घालत होता. नितेशने सगळं सांगितलं. विठूने ऐकून घेतलं, बिया पसरत राहिला. मग म्हणाला, “माका ठाऊक व्हता.”

नितेशने डोळे पुसता पुसता मान वर केली.

“फोटो बघितल्या बघितल्या. माझ्या कमानीला पाय कुठं दिसतत? पंचवीस वर्सा मी ती रोज बघतंय.” तो नितेशच्या खांद्यावर हात ठेवून उठला. “तू रडू नको, बाबू. तू बांधलास ना, बरा केलास. पोर हसली. तिका वाटला, फिटला. समाधानान गेली माझी पोर. माका तेवढा पुरे.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. वाटलं, याला कळायला हवं केवढी मुलगी होती त्याची. वाटलं, अभिमान वाटेल त्याला. मी म्हटलं, “अरे विठू, तिलाही ठाऊक होतं! तुझ्यासाठी हसली ती. मला शपथ घातली होती तिने.”

शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं मी काय केलं. त्या फोनवर केलं होतं तेच. त्याने नितेशच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

“कधी सांगितलान तुला?”

“सोड रे.”

“कधी?”

“दुसऱ्याच दिवशी.”

त्याच्या ओठांची हालचाल झाली. तो दिवस मोजत होता. “म्हंजे एकोणीस दिवस तिका ठाऊक व्हता, नवस फिटला नाय. एकटीच घेवन बसलेली.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “माका वाटला व्हता, तिच्या डोक्यात तरी ता नाय. तेवढाच एक ऱ्हायला व्हता माझ्याकडे, कंडक्टर.” आणि तो आत गेला. बिया अर्ध्या पसरलेल्या, अर्ध्या टोपलीत.

त्याला आता वर्ष होत आलं. विठू माझ्याशी बोलतो. रागावलेला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. पण थांबे सांगत नाही. वाडीतल्या एखाद्या पोराने जपानबद्दल विचारलं तर म्हणतो, विसरलो. वहिनी देवाला दिवा लावतात, तो तोंड धुवायला परसात जातो. तिसऱ्यांदा काढलेला पासपोर्ट अडकत अडकत मध्येच कधीतरी टपालाने आला, तो बापलेकीचा दोघांचाही आला. तिने त्या फॉर्मवर मुकाट सही केली होती म्हणे, बापाचं मन राखायला. वहिनींनी तिचा कुठे ठेवला ते मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात मला राहवलं नाही. गडग्याशी उभा राहून म्हटलं, “विठू, चल. माझी रिक्षा विकतो. आपण दोघं जाऊ. बोट, पाणी, सडा, सज्जा, स्मशान, सगळं करू, आणि त्या कमानीपुढे डोकं टेकून तो नवस फेडून येऊ. जायचंच एकदा.”

तो पडलेला चिरा गडग्यावर परत बसवत होता. नीट बसेना म्हणून त्याने तो फिरवला, पुन्हा ठेवला.

“जाऊ की,” तो म्हणाला. “पण नेऊ काय? तुझ्या पायाशी आणून घालीन, असा बोललो व्हतो.” हातावरची माती झटकून त्याने माझ्याकडे पाहिलं. “घालू काय, ता सांग.”

त्याने दुसरा चिरा उचलला, मी अलीकडून हात दिला, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही गडगा लावत राहिलो.